लाल दिव्याची जागा

दिवा हिरवा होऊ नये म्हणून नंदिता मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणत होती. एखादी गोष्ट कळली, की ज्याच्या त्याच्या बाकावरचा लाल दिवा आपोआप हिरवा होई; कळेनाशी झाली, की पुन्हा लाल. त्याच्यापुढे खोटं चालत नसे.

दुसऱ्याला समजावून सांगताना हुशार मुलांचं स्वतःचं शिकणं पक्कं होई. पण सातवी अ मध्ये न कळणारं कुणी नव्हतंच. म्हणून शाळेच्या संगणकाने नंदिताला क तुकडीतून इथे आणून बसवलं होतं. तिला पटकन कळायला लागलं, की परत क. आणि गेल्या महिनाभरात तिला भराभर कळायला लागलं होतं.

"उणे गुणिले उणे अधिक का? हे बघ," शेजारचा अद्वैत सांगू लागला. "उलट चालणाऱ्या माणसाचा व्हिडिओ उलटा लावला, तर तो सरळ चालताना दिसतो. हो ना?"

नंदिताला पाढ्यातलं पुढचं आठवेना. दिवा हिरवा झाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"कळलं ना सगळ्यांना?" साबडेबाईंनी विचारलं.

"होऽऽ!"

"बाई," नंदिता उठली, "मग दोन उणे मिळवले, तर त्यांचं अधिक का होत नाही?"

"तसा नियमच आहे," अद्वैत म्हणाला.

"पण का?"

अद्वैतने नियम पुन्हा मनात म्हणून पाहिला. त्याचा दिवा लाल झाला. मग मागच्या बाकावरचा, मग खिडकीकडचे सगळे.

साबडेबाईंनी घाईघाईने आपल्या टेबलावरच्या दिव्यावर डस्टर ठेवलं. त्याच्या कडेने लाल उजेड दिसतच होता.