मागाचा धोटा

हल्डाने ॲप्रनच्या खिशातून मागाचा धोटा काढून वकिलाच्या टेबलावर ठेवला. "एवढाच उरलाय, वकीलसाहेब. माग नवऱ्याने घोड्याच्या बदल्यात देऊन टाकला. माझ्या आईचा होता, पाचशे मैल बैलगाडीतून आणलेला. परत मिळवून द्या."

सायलस हॉब्जने कायद्याचं पुस्तक उघडलंच नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या त्या नव्या वस्तीत वकील तो एकटाच, आणि आमदारही तोच.

"लग्न झालं की बायकोचं सगळं नवऱ्याचं होतं, बाई. कायदाच तसा आहे."

"मग बदला की तो. तुम्हीच तर जाता तिकडे."

थाप मारता आली असती, पण सायलसला ती मारवली नाही. "बायकोचं बायकोकडेच राहावं, असं विधेयक गेल्या हिवाळ्यात आलं होतं. मी उठून एक विनोद केला. सभागृह इतकं हसलं, की विधेयक त्या हशातच पडलं."

हल्डा चिडली नाही. धोटा उचलून तिने पुन्हा खिशात ठेवला.

"काय होता हो विनोद?"

तेव्हापासून गुत्त्यागुत्त्यांत लोकांनी त्याला तो पुन्हा पुन्हा सांगायला लावला होता. आता मात्र तो टेबलावरचे कागद सारखे करत राहिला.

हल्डा ऐकायला थांबली होती.