अळी न शिवणारं बी

ओल्या मातीच्या बशीत मी मोड आलेले मक्याचे दाणे पुरले आणि पांढुरक्या, लिबलिबीत अळ्या सोडल्या. वळवळत त्या थेट दाण्यांपाशी गेल्या आणि पोखरून आत शिरल्या. प्रयोगशाळेत माझं हे रोजचंच.

बियाणं विकणारे भावोजी मात्र मजेत बघत होते. एक अळी नखाने चिरडून त्यांनी बोट माझ्या टेबलालाच पुसलं. मग खिशातून दुकानातलं नवं बी काढलं. "आता आमचं टाकून बघ."

ताईचा नवरा, नाही कसं म्हणणार? मी ते भिजत घातलं, मग पुरलं. पुढच्या आठवड्यात ते आले, तेव्हा त्या बियांकडे एकही अळी फिरकली नव्हती. भावोजींची छाती फुगली.

"भावोजी, बी रुजताना श्वास सोडतं. त्याच्या मागावर अळी जाते. तुमचं बी मेलेलं आहे. विकू नका, लोकांचा हंगाम वाया जाईल."

ते खाली मान घालून बसले. मला वाटलं, शरमले.

"मग पाकिटावर 'अळी लागत नाही' असं छापलं, तर ते खोटं नाही ना?"