वॉल्टरची खरी सही

माझा नवरा वॉल्टर बेसबॉलचा नावाजलेला खेळाडू. लग्नाच्या दिवशी त्यानं एका चेंडूवर सही करून तो माझ्या हातात ठेवला होता. वॉल्टर गेल्यावर, मुलीच्या हट्टापायी, मी तो चेंडू क्लीव्हलँडला, खेळाडूंच्या सह्यांच्या प्रदर्शनात, सही पारखून घ्यायला नेला.

पारख करणारा भिंगातून बघून फिस्सकन हसला. "आजीबाई, आमच्यात याला 'सेक्रेटेरियल' म्हणतात. म्हणजे खेळाडूच्या नावानं दुसऱ्याच कुणीतरी ठोकलेली सही."

"अरे, माझ्या डोळ्यांदेखत केलीय त्यानं!"

"इथे येणारा प्रत्येकजण हेच सांगतो." त्यानं अस्सलपणाचा शिक्का असलेला दुसरा चेंडू माझ्यापुढे आपटला. "ही बघा वॉल्टर कोस्टेल्निकची खरी सही. आधी जरा शिकून या."

ती सही बघितली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या हातातलं पेन हिसकावलं आणि त्याच्याच कोऱ्या प्रमाणपत्रावर हुबेहूब तश्शीच सही ठोकली.

 

"घे मेल्या, आणखी एक खरी! वॉल्टर तळ्यावर मासे मारत बसायचा. चाहत्यांनी टपालानं पाठवलेल्या चेंडूंवर तीस वर्षं मीच सह्या केल्यात!"