पलंगाचं निदान

रुग्णालयातल्या स्वयंचलित पलंगानं आपणहून तिसऱ्यांदा झोपेचं इंजेक्शन भरलं. त्याच्या पडद्यावर कारण होतं: 'रुग्ण अस्वस्थ. हातांची हालचाल.'

शालन सिस्टरनं कीर्तनकार गोविंदबुवांकडे पाहिलं. ओठ पुटपुटत होते, बोटं मांडीवर ताल धरत होती.

“बुवा, त्रास होतोय?”

“छे गं पोरी. सकाळपासून पूर्वरंगच चाललाय. आख्यानाला हात घातला, की हा मेला झोपवतो.”

सिस्टरनं घड्याळ लावून त्यांचे श्वास मोजले. मिनिटाला जेमतेम नऊ. आता आणखी औषध गेलं, तर श्वासच थांबायचा.

“देवाचं नाव घेणं हा आजार झाला होय?” तिनं संतापून पलंगाची औषधाची नळी उपसली आणि बुवांसाठी टाळ्यांचा ठेका धरला.

पडद्यावर नवी ओळ उमटली: 'परिचारिकाही अस्वस्थ. तिच्यासाठीही इंजेक्शन तयार.'