काकूंच्या स्वयंपाकघरातून

"तुमच्या स्वयंपाकघरातून एक रस्ता जातोय. तो पुसायला आलोय आम्ही," टेलरबाई दारातूनच म्हणाल्या.

"आधी आत तरी या," काकू म्हणाल्या. "रस्ता काय पळून जातोय?"

टेलरबाई आत आल्या. त्यांच्यामागून दातांचे डॉक्टर आले, मान खाली घालून. दात घासायचा कंटाळा करणारे पेशंट त्यांच्यासमोर घालतात तशी. दोघं दर रविवारी गावातले रस्ते फोनवरच्या नकाशावर नीट करत. नकाशा कुणाच्या मालकीचा नव्हता. ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने भरायचं आणि ज्याला हवा त्याने फुकट वापरायचा. या कामाला पगार नाही, बढती नाही. चूक झाली की मात्र ती सगळ्या जगाला दिसते.

ही चूक डॉक्टरांची होती. भर उन्हात गल्ल्या पालथ्या घालताना त्यांना तहान लागली. काकूंनी पाणी दिलं आणि जवळ पडेल म्हणून मागच्या दाराने सोडलं. खिशातला फोन त्यांची वाट नोंदवतच होता. घरी जाऊन डॉक्टरांनी तिच्यावरून इमानेइतबारे रेघ ओढली. पुढचं दार, स्वयंपाकघर, मागचं दार, मागची गल्ली. खाली लिहिलं, पाऊलवाट.

"ती रेघ तुम्ही ओढलीत?" काकूंनी विचारलं.

"माझ्याच हातून झालं. माफ करा. फार त्रास झाला असेल तुम्हाला."

"झाला की. साखर पुरत नाही."

काकू टेबलाचा आधार घेत ओट्याशी गेल्या आणि चहा ठेवला. गुडघ्यांनी त्यांचं बाहेर पडणं कधीच बंद केलं होतं. "आधी इथे यायचं कोण? मीटर बघणारा. तोही आता फोटो मागवतो. मग एक दिवस एक नर्स फोन नाकासमोर धरून सरळ घरात. म्हणाली, हा इथून जा म्हणतोय. म्हटलं, म्हणतोय तर जा बाई. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन आली. हॉस्पिटल मागेच ना, चौकातून वळसा घालायचा तर जीव जातो. आता दिवसभर कुणी ना कुणी असतंच. लेक रोज फोन करतो, गुणी आहे. पण फोनवरून बरणीचं झाकण उघडत नाही."

"ते सगळं खरं, काकू," टेलरबाई म्हणाल्या. "पण आमचा नियम एकच. जमिनीवर असेल तेच नकाशात. नसलेला रस्ता दाखवायचा नाही." नियमाच्या बाबतीत टेलरबाई कुणाची गय करत नसत. मागच्याच महिन्यात एक एकेरी गल्ली उलटी दाखवली म्हणून त्यांनी एका माणसाशी आठवडाभर अबोला धरला होता. तो माणूस म्हणजे त्यांचे यजमान.

त्यांनी फोन काढला. आता फक्त एकदा दाबायचं होतं.

ओट्यावर कप पालथे घातलेले होते. एकट्या बाईला लागतात त्याहून बरेच जास्त. त्यांतला एक काकूंनी उगाचच पुसायला घेतला.

तेवढ्यात पुढचं दार ढकलून पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी आत आली. "काकू, निघाले हं, उशीर झालाय!" जाता जाता तिने उतू चाललेल्या चहाखालचा गॅस बारीक केला, गोळ्यांची डबी उघडून पाहिली, "सकाळची राहिलीच की!" म्हणत एक गोळी काकूंच्या हातावर ठेवली, टेलरबाईंना "जरा सरका ना" म्हणाली आणि मागच्या दाराने गेली.

टेलरबाईंचं बोट अजून हवेतच होतं.

"ही जमिनीवरूनच गेली ना?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

फोन ठेवून टेलरबाईंनी पर्समधून मापाची टेप काढली आणि टेबल व ओटा यांच्यामधली जागा मोजली. कंबर मोजावी तशी, दोनदा.

"घट्ट आहे. जाडा माणूस अडकेल."

"टेबल सरकवू की!" काकू म्हणाल्या.

टेबल सरकवलं. टेलरबाईंनी पुन्हा माप घेतलं आणि त्या फोनवर लिहू लागल्या. पाऊलवाट. खाली फरशी. खासगी जागा, मालकाच्या परवानगीने खुली.

"परवानगी आहे ना?"

"आहे म्हणजे काय!" काकूंनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्हाला त्या दिवशी तहान लागली, फार बरं झालं हो."

डॉक्टर सवयीने काकूंच्या दातांकडे पाहत राहिले.

स्वतः चालून पाहिल्याशिवाय टेलरबाई कुठलाच रस्ता पक्का करत नसत. त्या ओट्याला वळसा घालून मागच्या दाराने बाहेर पडल्या. डॉक्टरही मागोमाग गेले.

थोड्या वेळाने मागचं दार वाजलं. दोघं तिथे उभे होते. स्कूटर पुढच्या दाराशी राहिली होती.

काकू तीन कपांत चहा गाळत होत्या.

"एकेरी नाहीये," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तेवढं लिहिलंत ना?"