दोन बोटं वर

किर्तीने पायडल मारलं आणि गुडघा कुरकुरला नाही. जिन्याखालून सायकल काढून गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत उजवा गुडघा रोज तिच्या नावाने शंख करायचा. आज गप्प होता. पाय खाली जाताना कसा छान लांब होत होता.

तिने उतरून पाहिलं. सीट वर केलेली होती, चांगली दोन बोटं. दांड्याचा आजवर आत असलेला भाग चकचकीत बाहेर आला होता. नटाला तेलसुद्धा दिलेलं.

"एकलीच चाल्लीस गं?" खिडकीतून सासूबाईंचा, ठमाबाईंचा आवाज आला. "उजारू दे की जरा."

"उजाडलंय, आई."

ती हसतच निघाली. हे विनीतचं काम. प्यायलेला कप जागचा न हलवणारा नवरा, पण कालचं तिचं रडगाणं तिच्या फोनवर वाचून गुपचूप पाना घेऊन खाली उतरला असणार. सायकल घेतली तेव्हा याच माणसाने बजावलं होतं, "रस्त्यात काही लफडं झालं ना, तर दुसऱ्या दिवशी सायकल भंगारात." आणि आता बघा! दगडाला पाझर फुटला म्हणायचा.

रडगाणं गायचं ते ग्रुपवर. पहाटेच्या सायकलवाल्यांचा ग्रुप. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतची शेकडो माणसं, त्यातली निम्मी नुसते नंबर. तिथला रिवाज असा, की नवख्याने आपलं दुखणं रोज लिहायचं आणि जुन्यांनी औषध सांगायचं. किर्तीने लाजलज्जा गुंडाळून सगळं लिहिलं होतं. आधी बूड, मग मनगटं, मग दम. काल लिहिलं, "गुडघा दुखतो. चामटोलीच्या अलीकडच्या चढावर रोज उतरावं लागतं. सायकल बाहेर जिन्याखाली असते, ओल लागून जड होत असेल का?" औषधांचा नुसता पाऊस पडला. एका जाणत्याने लिहिलं होतं, "सीट वर घ्या. पण तुम्ही सायकलवर बसा आणि दुसऱ्याला बाजूने पाय बघायला सांगा. त्याशिवाय माप कळत नाही."

बदलापूर गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या पाट्या, गवत आणि विरळ धुकं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दिवसातला एवढाच वेळ किर्तीचा स्वतःचा होता. बाकीचा घराने आणि उल्हासनगरच्या दुकानातल्या नोकरीने वाटून घेतलेला. दम लागला तरी तो आपला वाटायचा.

चढ आला. तिने मान खाली घातली आणि पाय मारत राहिली. कुठल्या क्षणी आता उतरायचं, हे पायांना पाठ होतं. तो क्षण आला आणि गेला. ती वर पोचली, न उतरता! तिला ओरडावंसं वाटलं. थांबताना मात्र फजिती झाली. सीट उंच झालेली, पाय पुरते टेकेनात, नुसते चवडे टेकले. कलंडता कलंडता ती सावरली आणि सीटवर बसूनच तिने फोन लावला.

"थँक यू हं."

"कशाबद्दल?" विनीत अजून अंथरुणातच होता.

"सीट वर केलीस ना. चढले मी आज चढ!"

"कुठली सीट? अगं, मला आपला पाना कुठे असतो तेपण माहीत नाय."

"मस्करी नको ना."

"आईशप्पथ." त्याची झोप उडाली. "का, काय झालं? कुणी हात लावला सायकलला?"

खरं उत्तर किर्तीच्या जिभेवर आलं होतं. ते बोलली, तर संध्याकाळपर्यंत सायकल भंगारवाल्याकडे. मग हा चढ नाही, ही सकाळ नाही.

"काही नाही रे. मीच परवा सायकलच्या दुकानात करून घेतली होती. विसरले. ठेवते."

फोन ठेवला आणि तिच्या अंगावर काटा आला. परवा ती सायकलच्या दुकानात गेलीच नव्हती. घरात पान्याला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि माप तर अगदी बरोबर आलं होतं, ती सीटवर बसलेली नसताना. म्हणजे कुणीतरी आधीच बाजूने बघून ठेवलं होतं. एकदा ओझरतं नव्हे. रोज, नीट, तिचे पाय.

फोन थरथरला. विनीत असेल म्हणून तिने घाईने पाहिलं. अनोळखी नंबर होता.

"वा! आज न उतरता चढलात. उद्या अजून अर्धं बोट वर करू."

ग्रुपवर तिने अजून काहीच लिहिलं नव्हतं.

तिने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. धुकं, पाट्या, गवत. घरी जायला हाच एक रस्ता होता. विनीतचं नाव तिने पुन्हा स्क्रीनवर आणलं, आणि अंगठा तिथेच थांबला. निदान भक्कम उभं राहावं म्हणून ती टाचा टेकवायला गेली.

जमीन दोन बोटं खाली होती.