दहापैकी पाच

नेरिडा गेल्याचा फोन आला त्या दिवशी डीन झानेत्तीनं आपल्या मेहुणीला एकच प्रश्न तीनदा विचारला. "टिलीला शाळेतून कोण आणणार?" करिननं तीनदा सांगितलं, "मी आणते." सगळे म्हणाले, बायको अशी अचानक गेली, धक्का बसलाय बिचाऱ्याला. डीनलाही तसंच वाटलं. पण चार महिने झाले तरी तो विचारलेलं विसरतच होता. गेल्या आठवड्यात रोजच्याच चौकात तो गाडी थांबवून बसून राहिला. घर डावीकडे की उजवीकडे? मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला तेव्हा तो नुसत्या अंदाजानं वळला.

आता तो आपल्या बास्केटबॉल क्लबच्या डॉक्टरसमोर बसला होता. हंगामाआधीची डोक्याची चाचणी होती. डॉक्टर दहा शब्द वाचणार, दहा मिनिटांनी खेळाडूनं आठवतील तेवढे म्हणायचे. पुढे हंगामात डोकं आपटलं की हीच चाचणी पुन्हा. आकडा आधीपेक्षा घसरला तर खेळ बंद.

डीनचा आकडा चौदा वर्षं पाचच होता. पहिल्या वर्षी एका जुन्या खेळाडूनं त्याला कानमंत्र दिला होता. "आधीच्या चाचणीत मुद्दाम गाढव हो, पोरा. मग डोकं फुटलं तरी कुणाला फरक कळत नाही." डीनला ते सोयीचंच होतं. त्याची उंची बेताची, नेम त्याहून बेताचा. बास्केटकडे धावत येणाऱ्या दांडग्यासमोर पाय रोवून उभं राहायचं, धडक छातीवर घ्यायची, पाठीवर आपटायचं आणि समोरच्याचा फाउल ठरवून चेंडू आपल्या संघाला मिळवून द्यायचा, एवढंच त्याचं काम. संघात त्याला सगळे पायपुसणं म्हणत.

नेरिडाला ती लबाडी माहीत होती. दर वर्षी भांडी घासता घासता ती स्वतःच्या मनाचे दहा शब्द म्हणायची आणि भांडी आवरली की परत विचारायची. घरी त्याला नऊ आठवायचे, कधी दहाही. "यंदा शेवटचं वर्ष आहे. यंदा खरं सांग," ती म्हणाली होती. तो हो म्हणाला होता.

तीनशेव्या सामन्याला चारच सामने उरले होते. त्या दिवशी घरच्या माणसाचा हात धरून मैदानात उतरायचं असतं. त्याची लेक टिली सहा वर्षांची. तिनं त्यासाठी बूटसुद्धा निवडून ठेवले होते.

"काय पायपुसण्या, तयार?" डॉक्टर प्रू हॅलम म्हणाली. "यंदा तरी सहा म्हण रे बाबा. माझी मांजर पाचाच्या पुढे गेली."

डीन हसला. डॉक्टरनं शब्द वाचले. त्यानं एकेक घट्ट धरला. मग आकडे उलटे म्हणून झाले, एका पायावर उभं राहून झालं.

"हं, बोल आता."

"शिडी. माकड. ढग." तो थांबला. "लिंबू."

पुढे काही नव्हतं. मघाशी धरलेले शब्द गेले कुठे?

"घोडा," तो म्हणाला.

"झालं! पाच. तुझ्यावरून घड्याळ लावावं." तिनं हसत कागदावर सही केली आणि तो त्याच्या हातात दिला. "जा, खेळ."

बाहेर चेंडू आपटत होते. "पायपुसण्या, ये की! का झोपलास आत?" कुणीतरी ओरडलं.

डीननं पिशवी उचलली. पिशवीत एक पिवळी वही होती. रोज सकाळी शाळेच्या वाटेवर टिली म्हणायची, "आईचं काहीतरी सांग." तो म्हणायचा, हंगाम संपला की सगळं लिहूनच देतो. नेरिडा इनिसफेल गावात नदीच्या घाटावर पहिल्यांदा कशी भेटली, टोस्ट करपला की कशा शिव्या द्यायची, टिलीच्या जन्माआधी रात्रभर काय गुणगुणत होती. हे सगळं फक्त त्याच्या डोक्यात होतं.

तो दारातून परत फिरला.

"डॉक्टर, मी दर वर्षी मुद्दाम पाच म्हणायचो."

"सगळेच म्हणतात रे. मी काय आज आले?"

"यंदा मुद्दाम नाही. पाचच आठवले."

डॉक्टरचं हसू गेलं. तिनं हात पुढे करून कागद परत घेतला.

"दार लाव," ती हळू म्हणाली. "आणि बस."

तो बसला. त्यानं वही काढून मांडीवर उघडली. पहिल्या पानावर टिलीनंच लाल खडूनं "आई" असं लिहून ठेवलं होतं. बाकीची सगळी पानं लिहायची राहिली होती.